ज्युलियन ब्रीम : बंद पडलेल्या वाद्याचा वारस

ज्युलियन ब्रीम १४ ऑगस्ट २०२० रोजी गेले. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, डोनहेड सेंट अँड्र्यू नावाच्या खेड्यातल्या आपल्या घरी, वयाच्या ८७व्या वर्षी. वर्तमानपत्रांनी विसाव्या शतकातले एक थोर गिटारवादक म्हणून त्यांना निरोप दिला. त्याबद्दल दुमत असण्याचं कारणच नाही. बेंजामिन ब्रिटन, विल्यम वॉल्टन, मायकेल टिपेट, हान्स वेर्नर हेन्झे, तोरू ताकेमित्सु या संगीतकारांनी ब्रीम यांच्यासाठी लिहिलं, आणि आज जगभरचे गिटारवाले त्याच रचनांवर मैफली करतात. पण मला त्यांची आठवण काढायची आहे ती त्यांच्या दुसऱ्या वाद्यासाठी, ल्यूटसाठी. आणि त्या वाद्यामुळे गिटारच्या पदरात जे पडलं त्यासाठी. ब्रीम यांच्याबरोबर एक अख्खा काळ संपला. गिटारवाला माणूस सोळाव्या शतकातलं ल्यूटचं संगीत कुणाचीही परवानगी न मागता, मनापासून, भरल्या सभागृहात वाजवायचा, तो काळ. ही श्रद्धांजली त्या काळालाही आहे.

ल्यूट म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फारसं कुणी पाहिलेलं नाही. अरबांचा ऊद स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात पोचला आणि तिथे त्याचं ल्यूट झालं. उभ्या चिरलेल्या पेअरसारखा आकार, लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली गोल पाठ, आणि खुंट्यांचा भाग जवळजवळ काटकोनात मागे वळलेला. तारा आतड्याच्या तांतेच्या, सर्वांत बारीक तार सोडली तर जोडीजोडीने लावलेल्या. पडदेही तांतेचेच, दांडीभोवती गुंडाळून गाठ मारलेले. वाद्य वजनाला इतकं हलकं की गिटारची सवय असलेला माणूस ते पहिल्यांदा उचलतो तेव्हा त्याचा हात नको इतका वर जातो. १५०७ साली व्हेनिसमध्ये मुद्रक पेत्रुचीने फ्रांचेस्को स्पिनाचिनोच्या ल्यूटरचना छापल्या, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या वाद्याची होती. मिलानचा फ्रांचेस्को ल्यूट वाजवायचा तेव्हा लोक त्याला 'दिव्य' म्हणत, आणि ही उपाधी त्या काळी ज्या मोजक्या लोकांना लावली जाई त्यांत मायकेलअँजेलो होता. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो हे ल्यूटवादक आणि संगीताचे मोठे अभ्यासक. गॅलिलिओ स्वतःही ल्यूट चांगलं वाजवत असे.

मग ते बंद पडलं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीत आणखी काही दशकांनी. १७५० साली बाख गेला त्याच वर्षी सिल्व्हियुस लेओपोल्ड वाइस हा शेवटचा थोर ल्यूटवादकही गेला. कित्येक जुनी ल्यूट मोडून त्यांची दुसरी वाद्यं करण्यात आली. संगीत कागदावर उरलं, पण कसं? ल्यूटची लिपी म्हणजे टॅब्लेचर. त्यात कोणता सूर लागणार हे लिहिलेलं नसतं. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्याशी बोट ठेवायचं तेवढं लिहिलेलं असतं, फ्रेंच आणि इंग्रज पद्धतीत अक्षरांनी, इटालियन पद्धतीत आकड्यांनी. वाद्य आणि त्याचा मेळ, म्हणजे त्याच्या तारा कोणत्या सुरांत लावायच्या ते, माहीत असला तर ही लिपी पाच मिनिटांत कळते. वाद्यच विसरलं गेलं की ती मुकी होते. हजारो रचना अशा मुक्या होऊन ग्रंथालयांत पडून राहिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात मॅथ्यू होम्स नावाच्या चर्चमधल्या गायकाने वर्षानुवर्षं उतरवून ठेवलेल्या वह्या आहेत. जॉन डाउलंड, फ्रान्सिस कटिंग, डॅनियल बॅचलर या इंग्रज ल्यूटवादक-रचनाकारांचं बरंचसं संगीत आपल्यापर्यंत पोचलं ते या एका माणसाच्या चिकाटीमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत ऑस्कार किलेसॉत्ती यांनी अशा टॅब्लेचरमधल्या रचना आधुनिक स्वरलिपीत आणल्या. त्यांतल्या काही पुढे संगीतकार रेस्पिगीने वाद्यवृंदासाठी घेतल्या, काही स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने गिटारवर वाजवल्या. इंग्लंडमध्ये आर्नल्ड डॉल्मेच यांनी जुनी वाद्यं पुन्हा बांधायला घेतली. त्यांच्याकडे शिकलेल्या डायना पूल्टन यांनी डाउलंडसाठी अख्खं आयुष्य वेचलं. ही सगळी मोठी माणसं. तरी १९५०च्या आसपास ल्यूट ऐकलेला श्रोता शोधायला गेलं तर तो छोट्या अभ्यासमंडळांतच सापडला असता. साध्या तिकीट काढून येणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत हे संगीत पोचलं नव्हतं.

ज्युलियन ब्रीम यांचा जन्म १५ जुलै १९३३ला लंडनच्या बॅटर्सी भागातला. वडील हेन्री व्यावसायिक चित्रकार, फावल्या वेळात जॅझ गिटार वाजवणारे. मुलाच्या हातात पहिल्यांदा पडली तीही जॅझच. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवर ब्रीम यांचं प्रेम शेवटपर्यंत होतं. १९४७ साली चेल्टनहॅममध्ये त्यांचं पहिलं जाहीर गिटारवादन झालं, तेव्हा ते १३ वर्षांचे होते. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, पण पियानो आणि चेलोसाठी. तिथे तेव्हा गिटार शिकवलीच जात नव्हती. ती अभ्यासाची गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. १९५१ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांनी पदार्पण केलं आणि त्याच सुमारास ल्यूट हाती घेतलं. हार्प्सिकॉर्ड बांधणारे टॉमस गॉफ यांनी त्यांच्यासाठी ल्यूट बांधलं.

एकीकडे प्रतिष्ठा नसलेलं वाद्य, दुसरीकडे वाजवणारेच उरले नाहीत असं वाद्य, आणि विशीच्या आतबाहेरचा एक मुलगा दोन्ही घेऊन बसलेला. मला यात फार मोठं धाडस दिसतं. गुरुपरंपरा म्हणावी अशी काही त्यांच्या पाठीशी नव्हती. सेगोव्हियाचा आशीर्वाद होता, पण तो गिटारपुरता. ल्यूटच्या बाबतीत हाताशी होतं ते फक्त टॅब्लेचर, मोजक्या अभ्यासकांचं मार्गदर्शन आणि स्वतःचा कान.

गायक पीटर पिअर्स यांच्याबरोबर ब्रीम डाउलंडची गाणी वाजवू लागले आणि चित्र पालटलं. पिअर्स म्हणजे ब्रिटनचे जोडीदार, ऑल्डबराच्या महोत्सवाचे एक आधारस्तंभ. त्यांच्या नावामुळे श्रोते आले आणि ब्रीम यांच्या साथीमुळे थांबले. साथ हा शब्दही पुरा पडत नाही. डाउलंडच्या गाण्यांत ल्यूट गायकाच्या मागे चालत नाही. त्याची स्वतःची ओळ असते, ती गळ्यातल्या ओळीला अडवते, तिच्या पुढे धावते, तिला उत्तर देते. १५९७ साली डाउलंडने गाण्यांचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा ते इतकं खपलं की त्याच्या पुन्हापुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण हा माणूस इंग्लंडच्या दरबारात नोकरी मागून थकला होता. १५९८पासून आठ वर्षं त्याने डेन्मार्कच्या चौथ्या क्रिस्तियान राजाकडे चाकरी केली, आणि इंग्लंडच्या राजाने त्याला दरबारी ल्यूटवादक नेमलं ते १६१२ साली, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तोवर त्याच्या 'लाक्रिमे' या पव्हानचे, म्हणजे संथ नाचाच्या रचनेचे, चार उतरते सूर सगळ्या युरोपात पोचले होते. संगीतकार बर्डने ते कळफलकावर बांधले, स्वेलिंकने बांधले, आणखी कितीतरी जणांनी बांधले.

ब्रीम हे वाजवताना काय करत, हे शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. १९६१च्या 'द गोल्डन एज ऑफ इंग्लिश ल्यूट म्युझिक' या ध्वनिमुद्रिकेत बॅचलरची 'मॉन्सियर्स आल्मेन' ही रचना आहे. साधी नाचाची चाल, आणि मग तिच्यावर एकामागून एक वाढत जाणारे विस्तार. ब्रीम पहिल्यांदा चाल मांडतात ती जवळजवळ कोरडी, ताठ. पुढे प्रत्येक फेरीत उजवा हात घोडीकडून तोंडाकडे, तोंडाकडून घोडीकडे सरकतो आणि तीच तार कधी पितळी, कधी मखमली बोलते. द्रुत तानांमध्ये सूर इतके सुटे की मोजून घ्यावेत. पण खरी करामत तानेत नाही. तान चालू असताना खालची खर्जातली ओळ ते सोडत नाहीत. ती ओळ जणू दुसराच कुणी वाजवतो आहे, आणि त्याला वरच्या गडबडीशी काही देणंघेणं नाही. एका माणसाच्या दोन हातांतून दोन-तीन माणसांचं बोलणं ऐकू येणं, हाच या संगीताचा प्राण आहे. ब्रीम यांनी तो पकडला होता.

१९६०च्या सुमारास त्यांनी ज्युलियन ब्रीम कॉन्सॉर्ट हा वाद्यमेळ काढला. टॉमस मॉर्लीने १५९९ साली सहा वाद्यांच्या मेळासाठी रचना छापल्या होत्या. ल्यूट, सिटर्न, पँडोरा ही तीन छेडून वाजवायची वाद्यं, गजाने वाजवायच्या दोन व्हायल आणि एक बासरी. त्या धर्तीवरचा हा मेळ. त्यांच्या 'ॲन इव्हनिंग ऑफ एलिझाबेथन म्युझिक' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. दोन-अडीच शतकं बंद असलेल्या वाद्याला अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात बक्षीस मिळतं, याचा अर्थ लोकांच्या घरात ते वाजत होतं.

आता गिटारकडे येतो, कारण हा माझ्या रोजच्या सरावाचा भाग आहे आणि ब्रीम यांचं ऋण मला इथेच सर्वांत जास्त जाणवतं.

गिटार आणि ल्यूट यांच्या पहिल्या सहा तारा शेजारी ठेवून पाहिल्या तर मेळातला फरक एकाच जागी आहे. दोन्ही वाद्यांत शेजारच्या तारांमध्ये चार ठिकाणी षड्ज-मध्यमाचं अंतर असतं आणि एका ठिकाणी षड्ज-गंधाराचं. गिटारवर हे गंधाराचं अंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेत आहे, ल्यूटवर तिसऱ्या आणि चौथ्या तारेत. म्हणून गिटारची तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवली, 'जी'चा 'एफ शार्प' केला, की ती ल्यूटच्या मेळात बसते. तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावला की पट्टीही जुळते. इतकंच. ल्यूटचं टॅब्लेचर समोर ठेवून गिटारवर थेट वाजवता येतं, कुणी रूपांतर करून द्यायची वाट पाहायला नको.

हे इतकं अगत्याने सांगण्याचं कारण आहे. डाउलंडच्या रचनेत खालच्या ओळीतला सूर धरून ठेवून वरच्या ओळीत दोन-तीन सूर सरकवायचे असतात. ल्यूटवर ज्या सुरासाठी मोकळी तार मिळते, त्याच सुरासाठी नेहमीच्या मेळातल्या गिटारवर चौथ्या तारेवर चौथ्या पडद्यापर्यंत बोट ताणावं लागतं. ते ताणलं की दुसरीकडचं बोट सुटतं आणि धरलेला सूर मध्येच तुटतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय तुटलं ते सांगता येणार नाही, पण तीन माणसांच्या बोलण्यातला एक जण गप्प झाला हे कानाला कळतं. मेळ बदलला की डावा हात मोकळा होतो. डाउलंड स्वतः ल्यूटवर बसून रचत होता, त्याची बोटं जिथे आपोआप पडत तिथूनच त्याची रचना उगवली आहे. आपली बोटं त्याच जागी पडायला लागली की कुठला सूर धरायचा आणि कुठला सोडायचा हे हातच सांगतो.

गिटारवर सगळं साधत नाही, हेही खरं. ल्यूटच्या खर्जातल्या जोडतारांपैकी एक तार एक सप्तक वर लावलेली असते. त्यामुळे खर्ज बोलतो तेव्हा त्याच्यावर एक उजेडाची कडा चढते. गिटारच्या एकट्या जाड तारेला ती कशी येणार? डाउलंडच्या काळात ल्यूटला सातवी, आठवी जोडतार आली, पुढे आणखी आल्या. त्या तारांवरचे सूर गिटारवर नसतातच. सहावी तार उतरवून थोडं भागतं, नाहीतर तो सूर एक सप्तक वर घ्यावा लागतो, आणि उतरत आलेली ओळ अचानक जिना चढते. गिटारच्या तारांचा ताण ल्यूटपेक्षा कितीतरी जास्त, वरची फळी जाड, आवाज गोल आणि लांब. ल्यूटचा सूर जन्मतो आणि लगेच ओसरू लागतो. त्यामुळे तिथे दाट रचनाही स्वच्छ ऐकू येते. गिटारवर तीच रचना गढूळ होते, आणि वाजवणाऱ्याला नको असलेले सूर बोटांनी दाबून थांबवावे लागतात. 'फरलॉर्न होप फॅन्सी'मध्ये अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरणारी सहा सुरांची ओळ एका आवाजातून दुसऱ्या आवाजात फिरत राहते. ती गिटारवर नीट वाजवायची तर कोणता आवाज कधी संपला पाहिजे याचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. दमवणारं काम आहे, आणि त्याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

१९७०च्या दशकात ब्रीम यांच्यावर टीका सुरू झाली. जुन्या वाद्यांचा, जुन्या ग्रंथांचा अभ्यास तोवर बराच पुढे गेला होता. डायना पूल्टन यांचं डाउलंडवरचं पुस्तक १९७२ला आलं, आणि १९७४ला त्यांनी बेसिल लॅम यांच्यासह संपादित केलेला डाउलंडच्या समग्र ल्यूटसंगीताचा ग्रंथ निघाला, टॅब्लेचर आणि स्वरलिपी एकाखाली एक छापलेली. नव्या पिढीचे वादक जुन्या नमुन्यांबरहुकूम बांधलेली हलकी वाद्यं घेऊन आले. ते बोटांच्या मांसल टोकांनी वाजवत, नखांनी नाही. करंगळी वाद्याच्या फळीवर टेकवत, अंगठा तळव्याच्या आत ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या आळीपाळीच्या आघातांनी ताना घेत. सोळाव्या शतकातले ग्रंथ हेच सांगतात. ब्रीम यांचं ल्यूट मात्र जड बांधणीचं, तारा जास्त ताणाच्या, वाजवणं गिटारच्या हाताने आणि नखांनी. घोडीकडून तोंडाकडे सतत सरकणारा त्यांचा हात, ज्यातून ते सारे रंग निघत, तो करंगळी टेकवून वाजवणाऱ्या जुन्या वादकाला साधलाच नसता. अभ्यासकांचा निवाडा असा की हे सुंदर असेल, पण ल्यूट नव्हे.

वस्तुस्थितीपुरते टीकाकार बरोबर होते. नायजेल नॉर्थ, पॉल ओडेट, याकोब लिंडबर्ग, हॉपकिन्सन स्मिथ यांचं वादन ऐकलं की ल्यूटचा खरा आवाज किती नाजूक आणि किती वेगळा आहे ते कळतं, आणि त्या आवाजासाठी मी त्यांचाही ऋणी आहे. पण या टीकेने एक नुकसान केलं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. यांतल्या नॉर्थ, ओडेट, लिंडबर्ग यांचीही सुरुवात गिटारवरच झाली. ती माणसं ल्यूटकडे गेली आणि हे संगीत आपल्याबरोबर घेऊन गेली. मागे राहिलेल्या गिटारवाल्यांच्या मनात असं बसलं की ते आता आपलं नाही. ज्याला डाउलंड वाजवायचा त्याने रीतसर ल्यूट घ्यावं, नखं कापावीत, पंगत बदलावी. आज गिटारच्या मैफलींत सोळाव्या शतकातली रचना ऐकू येते ती बहुधा सुरुवातीला, हात गरम करण्यापुरती. संपूर्ण पूर्वार्ध डाउलंडला देण्याची हिंमत आता क्वचित दिसते. ब्रीम तर एकाच संध्याकाळी पूर्वार्धात ल्यूट आणि उत्तरार्धात गिटार वाजवत असत, आणि श्रोत्यांना ते एकाच घरच्या दोन खोल्यांत गेल्यासारखं वाटे.

माझ्या मते हे संगीत कोणत्या तारेवर वाजतं याला महत्त्व आहे, पण त्यातल्या ओळी ऐकू येतात की नाही याला त्याहून जास्त आहे. डाउलंडच्याच काळात ल्यूटच्या रचना कळफलकावर जात, व्हायलच्या मेळात जात, गळ्यात जात. स्वतः डाउलंडने १६०४ साली 'लाक्रिमे' पाच व्हायल आणि ल्यूटसाठी छापली. शुद्धतेची जी कडक कुंपणं आपण नंतर घातली, ती त्या काळाने घातली नव्हती.

ब्रीम यांच्या ल्यूटने गिटारला आणखी काय दिलं, याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटन यांची 'नॉक्टर्नल'. डाउलंडच्या १५९७च्या पुस्तकात झोपेला हाक मारणारं 'कम, हेवी स्लीप' हे गाणं आहे. पिअर्स आणि ब्रीम ते गात-वाजवत तेव्हा ब्रिटन ऐकत होते. १९६३ला त्यांनी त्यावर गिटारसाठी रचना केली आणि १९६४च्या ऑल्डबरा महोत्सवात ब्रीम यांनी ती प्रथम वाजवली. सहसा आधी मूळ चाल येते आणि मग तिचे विस्तार. ब्रिटन यांनी क्रम उलटा केला. आधी आठ विस्तार, अस्वस्थ, दचकलेले, मध्येच लष्करी चालीचे, झोप न येणाऱ्या रात्रीचे. शेवटचा विस्तार पासाकाल्या, खाली एकच उतरती आकृती पुन्हापुन्हा, आणि तिच्यावर वादळ चढत जातं. ते शिगेला पोचून हळूहळू खचतं, आणि त्याच्या तळातून डाउलंडचं गाणं वर येतं, जवळजवळ जसंच्या तसं. तोवर आपण ज्या तुकड्यांना ठेचकाळत होतो ते सगळे या गाण्याचे होते हे तेव्हा कळतं.

विसाव्या शतकात गिटारसाठी लिहिली गेलेली याहून मोठी रचना मला माहीत नाही. आणि ती जन्माला आली कारण एक गिटारवाला ल्यूटही वाजवत होता. ब्रिटन यांना गिटारमधून डाउलंडचं गाणं काढावंसं वाटलं ते ब्रीम यांच्या हातांत ती दोन्ही वाद्यं एकमेकांशी बोलताना त्यांनी ऐकली होती म्हणून. ज्यांना गिटार आणि ल्यूट यांच्यामध्ये भिंत हवी आहे त्यांनी 'नॉक्टर्नल' कुठे ठेवायची ते सांगावं. 'नॉक्टर्नल' वाजवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी सुचवत आलो आहे की आधी मूळ गाणं तिसरी तार उतरवून, टॅब्लेचरवरून, सावकाश वाजवून पाहा. त्यातला मधला आवाज एकदा कानात बसला की ब्रिटनचे विस्तार कुठून आले ते समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. गिटार बांधणारे स्पॅनिश कारागीर होसे रोमानियोस यांना ब्रीम यांनी आपल्या घराजवळ सेमलीला कार्यशाळा थाटून दिली. त्यांची १९७३ची गिटार ब्रीम यांनी अनेक वर्षं वाजवली. सरोदिये अली अकबर खाँ यांच्याबरोबर ब्रीम उत्स्फूर्त वाजवायला बसल्याचं एक चित्रीकरण आहे, ते जरूर पाहावं. १९८४ला मोटार अपघातात त्यांच्या उजव्या हाताचं कोपर मोडलं. त्यांनी तंत्र नव्याने बसवलं आणि पुन्हा मंचावर आले. ल्यूट मात्र हळूहळू मागे पडलं. २००२ला त्यांनी जाहीर वादन थांबवलं.

आता एक मागणं. मुंबई, पुणे, गोव्यात ब्रिटिश मंडळांच्या गिटार-परीक्षा देणारी पुष्कळ मुलंमुली आहेत. त्यांच्या पुस्तकांत ल्यूटवरून घेतलेला एखादा छोटा तुकडा बहुतेक वेळा असतोच, आणि परीक्षा झाली की तो विसरला जातो. शिक्षकांना माझी विनंती आहे, तो विसरू देऊ नका. विद्यार्थ्याला तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवायला सांगा, टॅब्लेचर कसं वाचायचं ते एका तासात शिकवा, आणि 'ऑर्लँडो स्लीपथ' किंवा 'मिसेस विंटर्स जंप' समोर ठेवा. दोन्ही छोट्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या हाताला झेपतात. हात बसला की 'मेलँकली गॅलियार्ड'कडे जा. त्याआधी ब्रीम यांची १९६१ची ध्वनिमुद्रिका ऐकवा, त्याच बैठकीत पॉल ओडेट यांनी ल्यूटवर वाजवलेली डाउलंडच्या काळातली एखादी रचनाही ऐकवा, आणि वाजवायचं कसं हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्या.